मनोपचार आणि हालचाल एकत्र अभ्यासायची आहे : गोव्यातल्या आरोग्य केंद्रात प्रकल्प कसा आखावा?

कुळागर

नैराश्यावर बोलून करायचे उपचार आणि शरीराची हालचाल, दोन्ही एकत्र दिली तर जास्त गुण येतो का? मानसशास्त्र आणि फिजिओथेरपी, दोन्हीकडचे पदव्युत्तर विद्यार्थी हल्ली हा विषय घेतात, आणि घ्यायलाच हवा. पण आराखडा बहुधा असा असतो: आरोग्य केंद्रात येणारे चाळीस रुग्ण निवडायचे, पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली; गुण जास्त तर त्रास जास्त) भरून घ्यायची, आठ आठवडे समुपदेशन आणि रोज अर्धा तास चालणं, मग परत पीएचक्यू-९. गुण उतरले की उपचार लागू पडला.

एवढ्यावर तसं म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या गोव्यातलाच आहे. ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्यातल्या संस्थेच्या संशोधकांनी इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ची चाचणी घेतली. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पीएचक्यू-९ वर १५ किंवा त्याहून जास्त गुण असलेले ४९५ रुग्ण, यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटलेले. एका गटाला केंद्रातला नेहमीचा उपचार, थोडा सुधारून. दुसऱ्याला तोच उपचार आणि शिवाय समुपदेशकाबरोबर ३० ते ४० मिनिटांची ६ ते ८ सत्रं. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, या कामासाठी तयार केलेली बिगरतज्ज्ञ माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ६४ टक्के लोक १० गुणांच्या खाली आले. दुसऱ्या गटातले ३९ टक्के.

या ३९ टक्क्यांकडे नीट बघा. त्यांना एकही सत्र मिळालं नव्हतं. माणूस केंद्राची पायरी चढतो तेव्हा बहुधा त्याचा त्रास शिगेला पोचलेला असतो, पुढे तो काहीसा आपणहून उतरतो. शिवाय १५ च्या वरचेच निवडले की पुढच्या मोजणीत सरासरी खाली सरकणार, हे गणितातच आहे. एकाच गटाची आधी-नंतर तुलना केली तर ही सगळी उतरंड तुमच्या उपचाराच्या खात्यावर जमा होते.

म्हणून तुलनेचा गट हवाच. संख्या किती? मध्यम फरक, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं हे माप), ८० टक्के ताकदीने (फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळीवर (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण ६४ माणसं लागतात. पाचातला एक मधेच गळतो असं धरलं तर ८०. दोन्ही मिळून १६०. एका विद्यार्थ्याला एका वर्षात हे झेपत नाही, हे मान्य. मग दोघा-तिघांनी मिळून एक अभ्यास करावा, किंवा आपला अभ्यास ‘पूर्वचाचणी’ आहे असं स्पष्ट लिहून फक्त एवढंच तपासावं: लोक यायला तयार होतात का, सत्रं पूर्ण करतात का, मोजमाप जमतं का. तेही मोलाचं काम आहे.

उपचार नेमका काय द्यावा आणि हालचाल कशाने मोजावी, यावर जाणकारांनी लिहावं.

---

म्हादई

कुळागरबाब, ‘रोज अर्धा तास चालणं’ या ओळीवरच थांबू या.

त्या चाचणीतल्या उपचाराचा गाभा म्हणजे वर्तन सक्रियता. तिथे ‘कृती’ म्हणजे व्यायाम नव्हे. मन खचलं की माणूस आधी करत असलेल्या गोष्टी सोडतो. सोडल्यामुळे आनंद आणि कामाचं समाधान देणारे प्रसंग घटतात, त्यामुळे मन आणखी खचतं. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचं. कृती कुठली, हे त्या माणसाच्या आयुष्यावरून ठरतं. एखाद्या बाईसाठी ती भजनी मंडळात परत जाणं असेल, एखाद्यासाठी मुलाच्या वह्या तपासणं, तिसऱ्यासाठी थकलेल्या वीजबिलाचा सोक्षमोक्ष लावणं. यातल्या कशातच पावलं मोजण्यासारखं नाही, पण प्रत्येकाचा मनावर परिणाम होतो.

सत्रात काम असं चालतं. पहिल्या भेटीत मनःस्थिती आणि कृती यांचा संबंध त्या माणसाच्याच गेल्या आठवड्यातल्या उदाहरणावरून उलगडायचा. मग आठवडाभराचा तक्ता द्यायचा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक खान्यात काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं, शून्य ते दहा. पुढच्या भेटीत तक्ता एकत्र वाचायचा. मन थोडं वर गेलेली खाणी शोधायची आणि तसल्या एक-दोनच गोष्टी पुढच्या आठवड्यात ठरवायच्या. दिवस, वेळ आणि सोबत कोण, यासकट. ‘जमेल तेव्हा शेजारणीकडे जाईन’ ही योजना झाली नाही. ‘बुधवारी चार वाजता, चहा झाल्यावर, सुनेला सांगून’ ही झाली. नंतरच्या सत्रांत अडचणी सोडवायच्या आणि तुटलेली माणसं परत जोडायची.

सगळ्यांना एकच ‘चाला’ दिलं की हा गाभाच निघून जातो. आणि चालणं राहिलं तर माणूस ते आपलं अपयश म्हणून धरतो, जे नैराश्यात सगळ्यात नको असतं.

नवशिक्या समुपदेशकाचं काम बिघडतं ते उपदेशाने. तक्ता रिकामा आला की ‘भरायला हवा होता’ असं तोंडातून निघतं. रिकामा तक्ता हीसुद्धा माहिती आहे. तो समोर ठेवून कालचा एकच दिवस दोघांनी मिळून भरायचा. गोव्यातल्या या कामात समुपदेशकांनी एकमेकांच्या ध्वनिमुद्रित सत्रांना ठरलेल्या मापाने गुण देण्याची पद्धत वापरली. विद्यार्थ्यांनी ती उचलावी. सत्रं कशी झाली याची नोंद नसेल तर उपचार दिला असं तरी कशावरून म्हणायचं?

---

सांधेजोड

म्हादईबाय, उपचाराबद्दल पटलं. पण मग शीर्षकात ‘हालचाल’ राहणार नाही. चालण्याचा परिणाम सांगायचा असेल तर चालण्याला मात्रा हवी, औषधाला असते तशी. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, किती जोरात, किती आठवडे. यातलं काही नसेल तर निकाल काहीही आला तरी त्याचा अर्थ लागत नाही.

चार गट करायचा मोह होतो: नुसतं समुपदेशन, नुसतं चालणं, दोन्ही, काहीच नाही. कागदावर छान दिसतं. पण दोन्ही उपचार एकमेकांना बळ देतात का हे तपासायला, परिणाम तेवढाच मोठा धरला तरी, साधारण चौपट माणसं लागतात. प्रबंधाच्या आवाक्यातली रचना वेगळी आहे. समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच द्या, एका गटाला त्यावर देखरेखीखालचं चालणं जोडा. प्रश्न नेमका होतो: समुपदेशनावर चालण्याने भर पडते का? इथे एक पथ्य पाळावं लागतं. चालणाऱ्या गटाला आठवड्याला तीन वेळा कुणीतरी भेटतं, विचारपूस करतं. नैराश्यात नुसत्या विचारपुशीचाही गुण येतो. म्हणून दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ द्यायचा, उदाहरणार्थ आहार-आरोग्याच्या गप्पांचा.

मात्रा: आठवड्याला तीन ते पाच दिवस, ३० मिनिटं, मध्यम जोर. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. किती दम लागतो ते माणसाने स्वतः सांगायच्या बोर्गच्या ६ ते २० च्या मापावर १२ ते १३. घड्याळाशिवाय काही नसेल तर पावलं मोजा: मिनिटाला साधारण १००, म्हणजे अर्ध्या मिनिटात ५०. सुरुवातीला सलग ३० मिनिटं मागू नका. दहा-दहाचे तीन तुकडे चालतात.

आणि जून ते सप्टेंबरची सोय आधीच लिहून ठेवा. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं, कडेच्या गटारांवरची झाकणं पाण्याखाली दिसत नाहीत. देवळाचा सभामंडप, चर्चचा हॉल, शाळेची पडवी, जे मिळेल ते ठरवून ठेवायचं. नाहीतर पावसाळ्यात चालणारा गट चालतच नाही आणि अहवालात ‘चालण्याचा उपयोग नाही’ असं छापून येतं.

---

खाजनशेत

सांधेजोड यांच्या रचनेला +१.

---

पडवी

आता मोजमाप. यात चुका इतक्या छोट्या असतात की कुणाच्या लक्षात येत नाहीत.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी सगळ्यांना हवी असते. तिला ३० मीटरची सपाट सरळ वाट लागते, दर ३ मीटरवर खूण, दोन्ही टोकांना शंकू. रुग्णाने आधी दहा मिनिटं खुर्चीत बसून घ्यायचं, चालायला सुरुवात करण्याच्या रेषेजवळच. केंद्रात १५ मीटरचीच वाट मिळाली तर? ४२० मीटर चालणारा माणूस ३० मीटरच्या वाटेवर १३ वेळा वळतो आणि १५ मीटरच्या वाटेवर २७ वेळा. प्रत्येक वळणाला वेग मोडतो, अंतर कमी भरतं. दोन केंद्रांत वाटेची लांबी वेगळी असेल तर ते आकडे एकत्र करायचे नाहीत. श्वसनाच्या जुनाट आजारांत साधारण ३० मीटरचा फरक अर्थपूर्ण धरतात, म्हणजे नुसती वाट बदलूनही तेवढा गोंधळ होऊ शकतो. पहिल्यापेक्षा दुसऱ्या खेपेला माणूस सरावाने जास्त चालतो, म्हणून दोनदा घेऊन चांगला आकडा धरावा. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, ठरलेल्या सुरात. आपल्याकडे परीक्षक उत्साहाने सोबत चालायला लागतो, ते टाळायचं. रुग्ण त्याचा वेग धरतो. गेल्या महिन्यात हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर चाचणी घ्यायचीच नाही. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

जागाच नसेल तर ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजा. बैठक ४३ सेंटिमीटर उंच, हात छातीवर आडवे, पाठ सरळ. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेला असेल तर ते उठणं धरायचं. खुर्ची मात्र घट्ट हवी. केंद्रातली प्लास्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते, आणि जड माणूस बसला की तिचे मागचे पाय बाहेर पसरून बैठक खाली जाते. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, टेपने उंची मोजा, त्याच खुर्चीवर खूण करून पुढच्या प्रत्येक भेटीला तीच वापरा.

आता कंबरेला किंवा मनगटाला बांधायचं ॲक्सिलरोमीटर, म्हणजे हालचाल नोंदवणारं छोटं यंत्र. सात दिवस घालायला द्यायचं. दिवसाला किमान १० तास घातलेलं असे किमान चार दिवस मिळाले तर नोंद ग्राह्य धरतात, ही रूढ पद्धत. कंबर आणि मनगट यांचे आकडे अदलाबदल करता येत नाहीत. एकच जागा ठरवा. घरात सैल गाऊन घालणाऱ्या बायका पट्टा गाऊनवरून बांधतात. यंत्र झुलतं आणि नसलेली हालचाल नोंदवतं. पट्टा आतून, अंगाला लागून, उजव्या कंबरेच्या हाडावर. आंघोळीला काढलेलं यंत्र न्हाणीघराच्या खुंटीवरच राहतं, म्हणून काढल्या-घातल्याची वेळ लिहायला एक छोटी वही द्या. पावसात कापडी पट्टा वाळत नाही, कातडीला खाज सुटते. प्रत्येकाला दोन पट्टे द्या.

आणि यंत्राला दिसत नाही तेही माहीत हवं. कंबरेवरच्या यंत्राला खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातली) भाताची लावणी जवळजवळ दिसत नाही. माणूस दिवसभर वाकलेला असतो, कंबर फारशी हलत नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्याचा जोर हातापाठीत असतो. डोक्यावरच्या पाटीचं वजन तर कुठल्याच यंत्राला कळत नाही. म्हणून सोबत जागतिक आरोग्य संघटनेची शारीरिक हालचालीबद्दलची १६ प्रश्नांची जीपॅक प्रश्नावली घ्या आणि तिची उदाहरण-कार्डं इथल्या कामांची करा: नारळ सोलणं, विहिरीचं पाणी शेंदणं, काजूच्या बागेतली साफसफाई. कार्ड दाखवलं नाही तर बायका घरातलं काम सांगतच नाहीत, ‘काम करत नाही’ म्हणतात.

---

कुळागर

पडवी यांचा प्रतिसाद छापून प्रयोगशाळेच्या भिंतीला लावावा असा आहे. ‘नेहमीच्या आठवड्यात’ असा जीपॅकचा प्रश्न असतो. किनाऱ्यावरच्या गावांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ‘नेहमीचा’ आठवडा कुठला धरायचा?

---

पडवी

प्रश्न ‘गेल्या सात दिवसांत’ असा करून घ्या आणि तारीख लिहा. सगळ्यांना एकाच पद्धतीने विचारायचं. मूळ प्रश्नावलीपासून एवढा बदल केला हे पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा. चतुर्थीचे आणि शिगम्याचे दिवस मोजणीच्या आठवड्यात येणार नाहीत असं वेळापत्रक करा.

---

खाजनशेत

ऋतूचा मुद्दा आणखी पुढे जातो. पहिली मोजणी मे महिन्यात आणि शेवटची ऑगस्टमध्ये असेल तर मधे मासेमारी बंद होऊन परत सुरू झालेली असते, शाळा उघडलेल्या असतात, लावणी उरकलेली असते. दोन्ही गटांतली माणसं एकाच काळात घेतली असतील तर हा फरक दोन्हीकडे सारखा पडतो आणि तुलना टिकते. ‘आधी समुपदेशनाचा गट पूर्ण करू, मग तुलनेचा’ असं केलं की सगळं वाया.

वाटप कसं करता यालाही तेवढंच महत्त्व. आलटून-पालटून, किंवा सोमवारचे इकडे आणि मंगळवारचे तिकडे, हे यादृच्छिक नव्हे. पुढचा माणूस कुठे जाणार हे आधी कळलं की नोंदणी करणारा नकळत निवड करतो. संगणकाने ४ आणि ६ च्या गठ्ठ्यांत (प्रत्येक गठ्ठ्यात दोन्ही गट निम्मे-निम्मे) यादी काढा. यादी या कामात नसलेल्या माणसाकडे ठेवा, आणि क्रमांक घातलेली बंद पाकिटं वापरा. साधं पाकीट ट्यूबलाइटकडे धरलं की आतला शब्द वाचता येतो. आत ॲल्युमिनियमची फॉइल घाला. संमतीची सही झाल्यावरच पाकीट फोडायचं. शेवटची मोजणी करणाऱ्याला गट माहीत नसावा, आणि ‘ताई मला चालायला सांगतात’ असं रुग्णाने बोलून जाऊ नये म्हणून खोलीत शिरण्याआधीच त्याला तशी सूचना द्यावी.

गळतीचं इथलं एक ठळक कारण तारवटी. जहाजावर गेलेला माणूस पुढचे कित्येक महिने परतत नाही. नोंदणीच्या वेळीच विचारा की पुढच्या सहा महिन्यांत जहाजावर किंवा आखातात जायचं आहे का. जायचं असेल तर घेऊ नका आणि ती अट आराखड्यात आधीच लिहा.

विश्लेषणात ‘किती गुण उतरले’ यांची तुलना करण्यापेक्षा शेवटचे गुण घ्या आणि सुरुवातीचे गुण सहचल म्हणून घाला, म्हणजे सुरुवातीचा फरक हिशोबात धरून तुलना होते. नेमकेपणा वाढतो. आणि गळलेले लोक त्यांच्या मूळ गटातच मोजा. चालायचं सोडलं म्हणून कुणाला दुसऱ्या गटात ढकलायचं नाही.

---

निवारा

अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न.

तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एकूण गुण कितीही कमी असोत, या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर त्या माणसाशी त्याच वेळी बोलायचं. नेमकं हेच चुकतं. फॉर्म गोळा होतात, फाइलमध्ये जातात, बेरीज संध्याकाळी हॉस्टेलवर होते. तोवर तो माणूस कदंबाच्या बसने घरी पोचलेला असतो. नियम असा ठेवा की फॉर्म हातात घेतला की पहिली नजर नवव्या ओळीवर. टॅबवर भरत असाल तर या उत्तराला पडदा पुढे सरकू नये अशी सोय करा.

मग शांतपणे, एकट्याला विचारायचं: असे विचार आत्ता आहेत का, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, ही भीती काढून टाका. यातल्या कशालाही होकार आला तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्याच वेळी दाखवायचं. बांबोळीच्या मनोविकार संस्थेकडे कसं आणि कोण पोचवणार हे अभ्यास सुरू होण्याआधीच लेखी ठरलेलं असावं. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो; तो प्रत्येकाला लिहून द्या, धोका असो वा नसो. आणि जीव धोक्यात असेल तर गुप्तता मोडावी लागेल, हे संमतीपत्रात सोप्या शब्दांत आधीच सांगितलेलं असावं. नंतर सांगितलं तर विश्वास तुटतो.

विद्यार्थ्याने हे सगळं एकट्याने पेलू नये. प्रत्येक मोजणीच्या दिवशी फोन उचलणारा एक प्रशिक्षित मार्गदर्शक ठरलेला हवा.

---

म्हादई

निवारा यांनी लिहिलेलं प्रत्येक नीतिमत्ता अर्जाला जोडावं.

एक जोड देते. आठवा प्रश्न थेट हालचालीबद्दलच आहे: इतरांना जाणवेल इतकी मंद हालचाल किंवा बोलणं, नाहीतर उलट अस्वस्थ येरझाऱ्या. दोन विरुद्ध गोष्टी एकाच गुणात जातात. या विषयाच्या अभ्यासात तरी कुठली ती वेगळी लिहून ठेवा. खुर्चीतून उठण्याचे आकडे त्याच्या शेजारी ठेवून बघता येतील.

---

सांधेजोड

अंगदुखीबद्दलही. केंद्रात नैराश्य बहुधा ‘पाठ दुखते, झोप नाही’ असंच सांगितलं जातं. पाठ जुनी असेल तर चालायला भीती वाटते, आणि ती भीती दुखण्याइतकीच माणसाला बसवून ठेवते. हालचालीच्या भीतीसाठी १७ प्रश्नांची टॅम्पा मापनी आहे, गुण १७ ते ६८. ती सुरुवातीला घ्या. भीती जास्त असलेल्यांना थेट ३० मिनिटं देऊ नका. त्यांना भीती वाटणाऱ्या हालचालींची चढती यादी करून खालून सुरुवात करा, आणि पुढची पायरी दुखणं थांबण्यावर नाही तर ठरल्या दिवसावर घ्या. आज बरं वाटलं म्हणून दुप्पट चालणं आणि मग तीन दिवस झोपून राहणं, हा प्रकार चालण्याच्या गटात हटकून दिसतो.

---

कुळागर

परवानग्यांचा क्रम लिहून ठेवतो, कारण वर्ष इथेच जातं. आधी विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी. केंद्रांसाठी आरोग्य संचालनालयाची परवानगी वेगळी. तो अर्ज समितीची वाट न पाहता समांतर तयार ठेवा. मग सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, नंतरची चालत नाही. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण शंका विचारून अर्ज परत येतो, त्यासाठी आठवडे हाताशी ठेवा. मुख्य निष्पत्ती एकच लिहा, मोजण्याच्या वेळेसकट: ‘तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ चे गुण’. पाच-सहा लिहिल्या तर एखादी योगायोगानेही जुळते.

संमतीपत्र आणि स्वतः भरायचे फॉर्म देवनागरी आणि रोमी (कोकणीसाठी वापरतात ती रोमन), दोन्ही लिप्यांत छापा. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवा, पण पहिल्या वेळी वाचून दाखवले तर शेवटच्या वेळीही वाचूनच.

---

निवारा

ध्वनिमुद्रणासाठी वेगळी संमती घ्या. उपचाराला होकार आणि मुद्रणाला नकार, असं चालायला हवं. यंत्र टेबलावर थेट ठेवू नका, खाली रुमाल घाला आणि छताच्या पंख्याखालून खुर्च्या बाजूला घ्या. पत्र्याच्या छपराच्या खोलीत पावसात काहीच ऐकू येत नाही, तिथे सत्र सकाळी लवकर ठेवलं तरी भरवसा नाही. केंद्राची पक्क्या स्लॅबची खोली आठवड्यातले दोन दिवस तरी लेखी मागून घ्या.